स्वल्प फरकाचा कॅमशाफ्ट

एका लोखंडी दांड्यावर तुझं नशीब ठरणार आहे, असं कुणी सांगितलं असतं तर भाग्यलक्ष्मी खो खो हसली असती. पण शहाण्णव साली बेंगळूरच्या जे. सी. रोडवर नेमकं तेच झालं.

तिथे तिच्या वडिलांचं, अप्पासाहेबांचं, मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पाटी इंग्रजीत, ‘अप्पासाहेब अँड सन्स’. आता सन्स कुठले डोंबलाचे? तिन्ही मुलीच! पण पाटी रंगवली तेव्हा गडी आशेवर होता. थोरल्या दोघी सासरी गेल्या, अप्पासाहेबांचे गुडघे गेले, आणि दुकान सीटकव्हरवाल्याला भाड्याने द्यायचं ठरवून ते मोकळे झाले. धाकटी भाग्यलक्ष्मी बसवनगुडीच्या घरी ब्लाउज शिवायची. ती एवढंच म्हणाली, “अप्पा, दुकान मी चालवते.”

अप्पासाहेबांनी तोंड वाकडं केलं. “मागच्या गल्लीत परसू मेकॅनिककडे एक जुनी फियाट आठ दिवस उघडी पडलीय. तिला कॅमशाफ्ट हवाय. शुक्रवारपर्यंत आणून दाखव, मग बोलू.”

कॅमशाफ्ट म्हणजे अंगावरच्या उंचवट्यांनी इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा-मिटणारा दांडा. मूळ कंपनीचा मिळेना, तेव्हा बाहेरच्या कारखान्याचा शोधणं आलं. भाग्यलक्ष्मीने एका मालवाल्याला फोन केला. मग परसूकडचा झिजलेला दांडा आणून घासलेटने पुसला, ब्लाउजच्या कटिंगला घेतात तसा वर्तमानपत्राचा कागद त्याच्या टोकाला गुंडाळला आणि वरून पेन्सिल घासली. टोकाची, चाक अडकवायची खाच आणि पहिला उंचवटा, दोन्ही कागदावर उमटले.

“दुकानात शिंपीकाम काढलंस काय?” अप्पासाहेब म्हणाले. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गुरुवारी मालवाल्याचा नवा दांडा आला. लांबी तीच, उंचवटे तितकेच. परसू तर खूश! भाग्यलक्ष्मीने कागद गुंडाळून पाहिला. उंचवटा जुळला, पण खाच तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली होती.

“एवढंच ना, अक्का? स्वल्प फरक,” परसू म्हणाला. “खाच घासून अ‍ॅडजस्ट करतो की.”

अप्पासाहेबही भडकले. “अगं, चाळीस वर्षं या रोडवर सगळे स्वल्प अ‍ॅडजस्टच करतात! उद्या शुक्रवार आहे, कळतंय ना?”

कळत होतं. हा दांडा दिला की दुकान तिचं, नाही दिला तर सीटकव्हरवाल्याचं. तरी ती बोललीच.

“बाही स्वल्प चुकली तर बाई ब्लाउज परत आणते, अप्पा. इथे खाच चुकली तर झडपांची वेळ चुकेल, गाडी ओढायची नाही, आणि शिव्या खाणार आपलं दुकान. हा परत जाईल.”

शुक्रवारी सकाळच्या बसने ती होसूरला गेली. दोन कारखान्यांनी दारातूनच वाटेला लावलं. तिसऱ्यातल्या गोदामवाल्याने पार्ट नंबर विचारला. तिने टेबलावर कागद पसरला. त्यावर छापलेली साबणाची जाहिरात बघून तो पोट धरून हसला.

“हसा खुशाल,” ती म्हणाली, “पण दांडे काढा.”

त्याने चार काढले. तिने एकेकाला कागद गुंडाळला. तीन नापास झाले. चौथ्याची खाच कागदावरच्या खाचेवर तंतोतंत बसली, तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी पाच वाजता दांडा परसूच्या हातात पडला. शनिवारी दुपारी तो ओरडतच दुकानात शिरला, “अक्का! चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पळाली गाडी!”

बाहेर, सीटकव्हरवाल्यासाठी जुनं नाव पुसायला अप्पासाहेबांनीच बोलावलेला पेंटर शिडीवर चढला होता. ते गुडघे धरत उठले आणि दारात गेले.

“थांब रे. नाव राहू दे, फक्त ‘सन्स’ पूस. तिथे ‘डॉटर’ बसेल?”

पेंटरने बोटांवर इंग्रजी अक्षरं मोजली. “चारच्या जागी आठ होतात, अण्णा. स्वल्प बारीक काढतो, अ‍ॅडजस्ट होईल.”

“मुळीच नाही!” अप्पासाहेब कडाडले. “उतर खाली. नवी पाटी कर, मोठी.”