पंगतीतून उठवलेला वसंत

भिसेगावचा शूटिंगवाला वसंत आता नाही. लग्नाची डिस्क दाखवताना तो रिमोट खिशात घालून बसायचा. कुणी कंटाळून पुढं घ्यायला सांगितलं, की म्हणायचा, "जेवढं घडलं, तेवढं बघायचं." हसरा माणूस, पण डूख धरावा तर त्यानंच.

माझ्या लग्नात तो सकाळपासून उपाशी राबत होता. दुपारी कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून पहिल्याच पंगतीत बसला. सासूबाई त्याला जिलेबी वाढत होत्या, तोच सासऱ्यांनी, शेलूच्या पाटलांनी, त्याला दंडाला धरून उठवलं. "ए, ऊठ! कामाची माणसं शेवटी!" माझ्या वडिलांनाही त्यांनी सकाळी मांडवात असंच झापलं होतं. माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं.

डिस्क आली, पण घरच्या प्लेयरवर चालेना. वसंताच्या मशीनवर मात्र झकास चालायची. त्यानं मला एकटीला गाठून सांगितलं, "वहिनी, भरताना मशीनचा लेझर डिस्कवर बारीक ठिपके जाळतो. वाचताना तोच लेझर मंद करतात. सगळं जाळून झालं की डिस्क बंद करायची, मग ती कुठं बी चालती. मी बंदच केली नाय. बघायचं तर पाटलांनी माझ्या बाकड्यावर येऊन बसावं." मी घरी चकार शब्द काढला नाही. खरं सांगते, मला गारगार वाटलं.

काही वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यांचं हलतंबोलतं रूप त्या एका डिस्कवरच उरलं. सासरे ती घेऊन शेलूहून वसंताच्या दुकानात जाऊन बसू लागले. पडद्यावर सासूबाई जिलेबी घेऊन वाकायच्या आणि लगेच, "ए, ऊठ!" वसंत नेमका तिथं आवाज वाढवायचा.

एकदा मी सोबत होते. सासऱ्यांनी त्याच्यापुढं हात जोडले. "चुकलं रं माझं. घरी बघू दे तिला."

"बंद केली की यातलं काय बी काढता येत नाय, पाटील."

"नको काढू. ती हाय ना त्यात."

वसंतानं बटण दाबलं.

संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीपुढं जमले. सासूबाई दिसल्या, सासऱ्यांचे डोळे भरून आले. मग तो आवाज घरभर घुमला. माझ्या मुलीनं मागं वळून विचारलं, "आजोबा, तुमी त्या काकांना जेवताना का उठवलं?"

सासऱ्यांनी केविलवाणं माझ्याकडं बघितलं.

"सांगा ना तिला," मी म्हटलं.