तिकडची पिशवी

टेक्सासमधल्या प्लेनोत घर घेतलं तेव्हा कुंपणालगत जुनिपरच्या सदाहरित झाडांची रांग आयतीच मिळाली. पहिल्याच उन्हाळ्यात ती एका टोकाकडून वाळायला लागली. मी पाणी वाढवलं, खत घातलं, बिल्डरला नावं ठेवली. फांद्यांना बोटाएवढी तपकिरी बोंडं लोंबत होती, ती मला झाडाचीच फळं वाटली. माझ्या मुलीने तर त्यातली चार ख्रिसमसच्या सजावटीसाठी वेचून ठेवली होती. एक कात्रीने उभं चिरलं तेव्हा आतली अळी वळवळली. ही अळी स्वतःभोवती रेशमाची पिशवी विणते, तिला त्याच झाडाच्या काड्या-पानं चिकटवते आणि पिशवीसकट झाड खात हिंडते. नराला पंख फुटतात, तो उडून जातो. मादी पिशवीतच राहते, तिथेच अंडी घालते आणि मरते.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. ताई माझ्याहून बरीच मोठी. न्यूझीलंडला असते, एकटीच. भाऊजी गेल्यावर नागपूरला परत ये म्हणून सगळ्यांनी समजावलं, ती बधली नाही. माझी रविवारची संध्याकाळ म्हणजे तिची सोमवारची दुपार. तेवढ्या वेळात आमचं आठवड्याचं बोलणं व्हायचं, दुधाची तहान ताकावर.

पुढच्या रविवारी तिने तिच्या अंगणातल्या झुडपाचा फोटो पाठवला. त्यावरही तशीच पिशवी, फक्त आमच्याकडच्यापेक्षा लांब आणि निमुळती. ही जात फक्त त्यांच्या बेटांवरच सापडते, जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं तिने जरा ऐटीतच सांगितलं. तिथले मूळ लोक या पिशवीच्या आकाराची बासरी करतात. ते म्हणतात, आत राहते ती संगीताची देवी. तिचा बासरीवर इतका जीव, की शेवटी ती बासरीतच राहायला गेली. आमच्या बाबांनी घरात देव ठेवला नव्हता, आणि ताई बाबांची पक्की लेक. तरी ही एक देवी मात्र तिला आवडली होती.

मग काय, दर रविवारी पिशव्याच. मला ऐकण्यापेक्षा सांगण्याची हौस जास्त, त्यातून अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली.

फेब्रुवारीतला तो रविवार मला लख्ख आठवतो. अंडी फुटायच्या आत पिशव्या काढून साबणाच्या पाण्यात टाकायच्या असतात. हातमोजे घालून मी तेच करत होते, फोन स्पीकरवर टाकून बादलीशेजारी ठेवला होता.

"ताई, आज एकदाच्या सगळ्या पिशव्या काढतेय बघ," मी म्हटलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "मलाही पिशवी काढायची आहे गं."

"अगं, तू कशाला काढतेस? तुझी स्पेशल आहे. राहू दे ना, काय त्रास देते ती तुला?"

"राहू दे म्हणतेस?"

"मग काय. इतके दिवस आहे, राहील अजून."

"बघते," ती म्हणाली, आणि माझ्या मुलीची चौकशी करायला लागली.

त्यानंतर दोन रविवार तिचा फोन आला नाही, 'बिझी आहे' एवढाच मेसेज. तिसऱ्या रविवारी ती बोलली, पण आवाज खोल गेलेला. बरं नाही का, विचारलं.

"टाके ओढतात अजून. किटलीसुद्धा उचलवत नाही."

"कसले टाके?"

"ऑपरेशन झालं ना. सांगितलं होतं की तुला, पिशवी काढायची आहे म्हणून."

आमच्या घरातल्या बायकांनी गर्भाशय हा शब्द कधी उच्चारला नाही. मावशीची पिशवी काढली, शेजारच्या काकूंची पिशवी काढली, तेही हळू आवाजात. एवढ्याने सगळ्यांना सगळं कळायचं. ताईने तोच शब्द बहिणीपाशी काढला होता, आणि मी तिला अळ्यांबद्दल ज्ञान पाजळलं.

"ताई, मला वाटलं तू झाडावरची म्हणतेयस."

ती हसली, टाक्यांमुळे जपून. "मला वाटलं तुला तो विषय नकोय. म्हणून मग नाही बोलले."

"गाठ होती का?"

"होती. रिपोर्ट चांगला आला, त्याची भीती नाही आता. आदल्या रात्री फार होती. शेजारणीने हॉस्पिटलला सोडलं, ती बिचारी कामावर गेली. भूल द्यायच्या आधी नर्सने विचारलं, बाहेर कोणी थांबलंय का."

फोन ठेवल्यावर मी आधी लॅपटॉप उघडला.

त्याच दिवशी मी तिकीट काढलं, पण मुलीची परीक्षा, माझा प्रोजेक्ट, असं करत प्रत्यक्ष निघायला एप्रिल उजाडला. ताई एअरपोर्टवर स्वतः गाडी घेऊन आली. माझी मोठी बॅग मी उचलायच्या आत तिने डिकीत ठेवलीसुद्धा. घरी वरण-भात, भरली वांगी तयार होती. मी पाटवडी करते म्हटलं तर तिने मला स्वयंपाकघरात उभं राहू दिलं नाही. तिची औषधं संपली होती, टाके भरून आले होते, ती कामावर जायला लागली होती. माझ्या हातांना तिने काहीच काम ठेवलं नव्हतं. आठ-दहा दिवस मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी पाहुणी म्हणून राहिले.