सुकेळ्यांचा रंग
परवा एका ओळखीच्या बाईंनी केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, दिली आणि गाठ सोडताच त्या गोड, उन्हात तापल्यासारख्या वासाने मला सांडोर गावातल्या एका अंगणात नेऊन बसवलं. त्या घराच्या सुकेळ्यांसाठी मी वेबसाइट करत होते. तिचं रंगरूप साध्या सीएसएसमध्ये लिहावं की सॅसमध्ये, यावर मी आठवडाभर घोळ घातला. सॅसमध्ये रंग एकदाच लिहायचा, साधी सीएसएसची फाइल त्यातून आपोआप तयार होते, म्हणून अखेर तेच घेतलं. बारीकसारीक बदल घरची सून करणार होती. तिला मी ती तयार फाइल दाखवली, ती कशातून होते ते सांगायचं राहिलंच. चार दिवसांनी तिचा फोन आला, "ताई, मी पिवळा काढून तपकिरी करते, दुसऱ्या दिवशी परत पिवळाच. सासूबाई म्हणतात, ही तर ओली केळी दिसतात." मलाही काही कळेना. शेवटी तिच्या अंगणात जाळीवरची केळी उलटता उलटता उलगडलं, की रोज माझं काम चढवताना मीच तिचा रंग पुसत होते. मूळ सॅसची फाइल माझ्याकडे आहे आणि तिची फाइल रोज त्यातूनच नव्याने तयार होते, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे सुकेळ्याला रंग देऊन उपयोग नाही, केळ्यातच बदल करायचा. मग ताई, ते केळं तुमच्याकडेच का ठेवलंत?"