कुणाचा पाय?

बहात्तर सालच्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, भरदुपारी, नगरच्या आमच्या वसतिगृहात स्वयंपाकाच्या मावशीवर अन्याय झाला. चुलीपुढून उठवून तिला भांड्यांना बसवलं. दुष्काळ होता, अशा गोष्टींकडं बघायला कुणाला वेळ होता, असं आता सांगतात. वेळ होता. मी तिथंच होतो.

थंडी अशी, की आंघोळीच्या रांगेत पोरं एकमेकांना चिकटून उभी राहायची. रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरीला सगळे विटले होते. शनिवारी मावशी म्हणाली, "उद्या तुमाला पाय खाऊ घालते." तिचे वडील छावणीत साहेब लोकांच्या मेसमध्ये खानसामा होते. हा पाय म्हणजे तंगडी नव्हे, इंग्रजांचा 'पाय' (pie) नावाचा पदार्थ. खाली मटण-बटाटा, वर कणकेचं जाड झाकण, आणि सगळं एकत्र भाजलेलं.

मटण आणायला मी तिच्याबरोबर गेलो होतो. खाटकानं बोकड शेपटीसकट टांगला होता, गिऱ्हाइकाला शंका नको म्हणून. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, लक्षात ठेवा.

तिनं कांदा लाल केला, मिरी-लवंग घातली आणि मग चिमूटभर काळा मसालाही टाकला. "साहेब आता कुठं चाखायला येतोय?" म्हणाली. शिजलेलं मटण-बटाटे पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरले, वर डालड्याचं मोहन घातलेली जाड पोळी लावली. भट्टी कुठली! खाली कोळसे, ट्रेवर पत्रा झाकून त्यावर निखारे. वासानं पोरं पुस्तकं टाकून दारात आली.

पंगत बसली. एकानं विचारलं, "मावशी, कुणाचा पाय?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "झाकून आणलाय म्हंजे गाईचा असंल." हसणं थांबलं. एक ताट पुढं सरकलं, मग अख्खी रांग. इतके दिवस तिच्या हातचा रस्सा ओरपणाऱ्यांना नेमकं तेव्हाच आठवलं, की मावशी ख्रिस्ती आहे.

व्यवस्थापक सर आले. पोळी फोडून बघितली नाही, बोट लावलं नाही. "संशयाला जागा कशाला ठेवायची, मावशी?"

मावशी आत गेली. बाजूला काढून ठेवलेली नळी आणली आणि ट्रेच्या मधोमध उभी रोवली. "घ्या पाय! बोकडाचा हाय का हत्तीचा, बघा आता."

सर म्हणाले, "नळीचं काय, कुठूनही आणता येते."

आता सांगा, असा संशय फिटायचा कसा?

मी आणि माझ्या खोलीतला मित्र, आम्ही दोघं जेवलो. पोळी वरून खुसखुशीत, खालून रश्शात भिजून मऊ. कानशिलापर्यंत ऊब गेली. बाकीचे मिलोची भाकरी चावत आमच्या तोंडाकडं बघत होते.

सोमवारी मावशी राखेनं भांडी घासत होती आणि चुलीपुढं सरांचा साडू उभा होता. एका रात्रीत साडू सापडतो? मला नाही पटत. 'गाईचा' म्हणणारा तो पोरगा रोज संध्याकाळी सरांच्या खोलीत चहाला असायचा, तो योगायोग होता, हेही मला पटत नाही. पुरावा नाही माझ्याकडं. त्यांच्याकडं तरी कुठं होता?

सरांना विचारलं, तर म्हणाले, "तुला अजून जग कळत नाही." मावशीला म्हटलं, तक्रार करू. ती म्हणाली, "कर बाबा. पन मला पयल्यांदा चुलीपाशी बसवा. बापानं भांडी घासायला न्हाई शिकवलं, पाय करायला शिकवला."

इतकी वर्षं झाली, अजून ती तिथंच, नळापाशी आहे, आणि सर त्यांच्या खुर्चीत.

तुमच्यातले काही त्या पंगतीत होते. काहींची मुलं आज तिथं जेवतात. तर या रविवारी वसतिगृहात जा. सरांना एकच प्रश्न विचारा, "तुम्ही चाखून बघितलं होतं का?" ते उत्तर शोधत बसतील. तोवर मावशीच्या हातातली राख काढून घ्या आणि तिला चुलीपुढं बसवा.