बिस्किटाच्या पुड्यावरची मिशी

सुरतच्या उधन्यातल्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा, खाऱ्या बिस्किटांच्या पुड्यावरचा फेटेवाला म्हणजे माझे वडील. निदान वडील तरी तसंच सांगत. कंपनीच्या पेंटरने म्हणे त्यांना चहाच्या टपरीवर पाहिलं आणि तिथेच ब्रश काढला; त्याचा चहा अजून गार होतोय. खानदेशातून कापडाचे लूम चालवायला आलेल्या माणसाची मिशी तेव्हा एवढी भरघोस, की एका टोकावर आई टॉवेल वाळत घालायची आणि दुसऱ्यावर कावळे बसायचे.

मग कंपनीने चित्र बदललं. फेटा गेला. वडिलांनीही फेटा खुंटीला टांगला, तो कायमचा. पुढे पुड्यावरची मिशी आखडली. वडील पुडा घेऊन न्हाव्याकडे. "अश्शीच कर. सगळं गुजरात बघतंय." चित्रातली मिशी रेघेएवढी झाली, तशी यांचीही झाली. आई चहा गाळताना अहिराणीत म्हणायची, "कंपनीनी मुंडकंच काढी टाकं, ते काय करशात?"

यंदा तेच झालं. मी नवा पुडा आणला, तर त्यावर नुसता लाल गोल. आता याला लोगो म्हणतात. ज्यांच्या आवाजापुढे शंभर लूम लाजायचे, ते वडील पुडा उलटासुलटा करत बसले.

"आता कोण मानेल रे?" एवढंच म्हणाले.

जन्मभर त्यांच्या एकाही शब्दावर विश्वास न ठेवणारी आई उठली, पुडा उचलला आणि थेट कोपऱ्यावरच्या दुकानात. मी मागे धावतोय.

"यावरचे आमचे हे कुठं गेले?"

गुजराती दुकानदार गांगरला. "माजी, कंपनीए काढी नाख्या."

"कुणाला विचारून? या माणसाच्या तोंडाकडे बघून लोकांनी तुमची बिस्किटं खाल्ली! नाहीतर त्यात होतं काय? मीठ!"

पार हायवेवरच्या कामरेजपर्यंतचे ट्रक थांबून ऐकत असावेत. पुडा परत करून तिने सुटे टोस्ट घेतले.

घरी वडिलांनी टोस्ट चहात बुडवला, पण तोंडात घालेनात. सगळा वृत्तांत मी तिखटमीठ लावून सांगितला होता, तरी त्यांचं समाधान होईना.

"दुकानदाराला पटलं का पण?"

"नही पटाले काय जयं?" आई त्यांच्या कपात आणखी चहा ओतत म्हणाली. "मघाशी मी सांगेल शे."