मधलं टेबल

रेश्माआत्याचं टेबल दोन केबिनच्या बरोबर मधे आहे. डावीकडं जयराजदादा, उजवीकडं वीरधवलदादा. साताऱ्याच्या एमआयडीसीतली त्यांची कंपनी कोल्ड स्टोरेज उभारून देते, आणि सांगलीकडचे बेदाणेवाले तिचं मोठं गिऱ्हाईक. दोघं दादा चुलतभाऊ, दोघंही मालक. जयराजदादा नकाशे आणि भिंतींच्या पॅनेलचा कारखाना बघतात, वीरधवलदादा जागेवरचं बांधकाम. दोघांचा एकमेकांशी अबोला आहे.

कारण एक लग्नपत्रिका. घरातल्या लग्नात निमंत्रकांच्या नावांत वीरधवलदादांचं नाव वर छापलं आणि जयराजदादांचं खाली. वयानं जयराजदादा मोठे. ते म्हणाले, "मी काय मेलोय का?" वीरधवलदादा म्हणाले, "प्रेसवाल्यानं घोळ घातला." "प्रेसवाल्याला कागद कुणी दिला?" झालं. तेव्हापासून बोलणं बंद. पण कंपनी बंद ठेवता येत नाही. मग प्लायवूडच्या दोन केबिन झाल्या, मधे टेबल आलं, टेबलाशी आत्या आली, आणि टेबलावर 'समन्वयक' अशी पाटी.

काम असं चालतं. जयराजदादा आतून म्हणतात, "रेश्मा, त्यांना विचारा, तासगावचे पॅनेल कवा हवेत?" आवाज असा की गेटवरच्या वॉचमनलाही उत्तर द्यावंसं वाटावं. वीरधवलदादांनी ते ऐकलेलं असतं. पण ते चहाचा घोट घेतात आणि भिंतीकडं बघत थांबतात. आत्या उठते, उजवीकडं जाते. "दादा विचारतात, तासगावचे पॅनेल कधी हवेत."

"असं व्हय? सांगा, गुरुवारी. आणि म्हणावं, मागच्या वेळंसारखे वाकडे पाठवू नका. पॅनेल हाय ते, पापड न्हवं."

आत्या डावीकडं येते. "गुरुवारी."

"एवढंच?"

"एवढंच."

पापड आत्यापाशीच राहतात. इतक्या वर्षांत किती पापड, किती अक्कल, किती बाप-आजे तिच्यापाशी राहिलेत, ते कुणी विचारलेलं नाही.

माझ्या बारावी कॉमर्सच्या पुस्तकात आदेशाची एकता नावाचं तत्त्व आहे. एका माणसावर एकच साहेब असावा. आत्याला ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरं."

आत्या सगळ्याला बरं म्हणते. लाइट गेली तरी बरं, आली तरी बरं. संध्याकाळी घरी येते, म्हणजे आमच्याच घरी, कारण तिचा नवरा, आमचे काका, फौजेत आहेत आणि ती नोकरीसाठी भावाकडं, माझ्या पप्पांकडं, राहते. चहा पुढ्यात घेते. चहावर साय धरते, ती बघत बसते. मालिका संपून बातम्या लागतात, तरी नजर टीव्हीवर. काकांचा फोन येतो.

"जेवलीस?"

"हो."

"बरं हाय ना सगळं?"

"हो."

"मग ठेवू?"

"बरं."

आजी सांगते, ही पोरगी अशी नव्हती. उंब्रजला असताना आठवडी बाजारातून आली की ओट्यावर बसून सगळा बाजार बोलून दाखवायची. मेथीवाली, तिच्याशी हुज्जत घालणारी मास्तरीण, मधेच शिंकणारा तेली. लोक हसून हसून पोट धरायचे. "आता काय झालं तिला?" असं विचारलं की आजी म्हणते, "काय व्हायचंय? नोकरी लागली."

पण नोकरी तिला हवी होती. ती सुटली की पाटणला सासरी जायचं, हे ठरलेलं. सासूबाई रंगूबाई दर सणाला तेच म्हणतात, "नोकरी हाय तवर ऱ्हा तिकडं. संपली की घरला ये. म्हशी काय माझ्याच जिवावर हायत व्हय?" आत्याचं म्हशींशी वाकडं नाही. तिनं एकदाच, भांडी पुसता पुसता, आईला सांगितलं होतं, "तिथं गेले तर मी कोण ते मला ठाऊक आहे. इथं निदान पाटी आहे."

यंदा सांगलीजवळचं काम रेंगाळलं. भाऊसो म्हणून मोठे बेदाण्याचे व्यापारी, त्यांचं कोल्ड स्टोरेज. बेदाण्याचा हंगाम तोंडावर आला आणि काम अर्ध्यात. मग दोघा दादांनी, आत्याच्या तोंडून ठरवून, पुण्याहून सल्लागार बोलावल्या. ऋचा मॅडम. मूळच्या वाईच्या, पण मराठी पुण्यात नेऊन धुऊन आणलेली.

"ओके, सो मला आधी स्ट्रक्चर समजून घ्यायचंय. कोण कोणाला रिपोर्ट करतं?"

त्यांनी पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढले, रेघा जोडल्या. कारखान्याच्या सगळ्या रेघा आत्याच्या चौकोनात आल्या. बांधकामाच्याही आत्याच्याच चौकोनात आल्या. फळ्यावर कोळी बसल्यासारखं दिसायला लागलं.

"सगळं इथे अडतंय," मॅडम म्हणाल्या. "रेश्माताई, तुमच्या रोलचं एका वाक्यात वर्णन कराल?"

आत्यानं विचार केला. "हे म्हणतात ते त्यांना सांगते. ते म्हणतात ते यांना."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

आत्यानं फळ्यावरचा आपला चौकोन बघितला.

मग नवा आराखडा. मॅडमनी दोघा दादांची नावं एकाखाली एक लिहिली, तर वीरधवलदादांनी निरोप पाठवला, "खाली कोण ते आधी ठरवा." शेजारी शेजारी लिहिली, तर जयराजदादांचा निरोप, "डावीकडून वाचतात ना? मग डावीकडं कोण?" मॅडमनी वर्तुळ काढलं. वर्तुळात पहिला-शेवटचा नसतो, असं समजावलं. दोन्ही केबिनमधून एकच प्रश्न आला, "बाराच्या जागी कोण हाय?" आत्यानं तो दोन वेळा सांगितला, दोन्ही वेळा सारख्याच आवाजात.

शेवटी मॅडम वैतागल्या. "आठवड्याला एक मीटिंग. साइटवर. दोघांनी समोरासमोर बसायचं. ती जमली तर मधला रोल आपण मर्ज करू."

"मर्ज म्हणजे?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे... तो राहणार नाही. पण तुमच्यासाठी काहीतरी बघूच आपण."

"बरं."

पहिल्या मीटिंगला आत्याबरोबर मीही गेले. कॉलेजला प्रकल्प द्यायचा होता, विषय 'एका उद्योगाची संघटन रचना'. सांगलीच्या अलीकडं कॅनॉलच्या कडेला जागा. पांढऱ्या पॅनेलची खोली उभी राहिलेली, वर पत्रा तापलेला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. दोघं दादा वेगवेगळ्या गाड्यांतून आले, दोन टोकांना बसले. मधली खुर्ची आपोआप आत्यासाठी रिकामी.

भाऊसोंनी नमस्कार-चमत्कार केला नाही. ते खोलीच्या दारापाशी गेले, दार उघडलं आणि बाहेर हात केला. बाहेर दोन पावलांवर कॅनॉल.

"आवं, बेदाणा आत न्यायचा कसा? पोहत?"

भाऊसोंनी दार आणखी ढकललं.

"ट्रक लागायला जागा न्हाई, वळायला न्हाई. ही अक्कल कुणाची म्हनायची?"

जयराजदादा आत्याला म्हणाले, "रेश्मा, त्यांना विचारा, जागा त्यांनी बघितली होती ना? मग आम्हाला का सांगितलं नाही?"

वीरधवलदादा आत्याला म्हणाले, "त्यांना सांगा, सांगितलं होतं. तुमच्याकडंच सांगितलं होतं. म्हणावं, विचारा की तुमच्याच रेश्माला."

आता दोघंही आत्याकडं बघायला लागले. भाऊसोही. मॅडमही. आत्याचे हात मांडीवर होते. तिनं समोर, कुणाच्याच तोंडाकडं न बघता, बोलायला सुरुवात केली. रेशनच्या दुकानात नावं पुकारतात तसा आवाज. वर नाही, खाली नाही.

"सांगितलं होतं. वीरधवलदादा म्हणाले, 'त्या ऐतोबाला सांगा, नकाशा काढायच्या आधी केबिनमधनं बूड हलव आणि जागा बघून ये. दार कॅनॉलकडं काढलंस तर ट्रक काय तुझा बाप उचलून आत घालणार हाय का?' मी दादांना सांगितलं, 'दाराचं एकदा बघून घ्या म्हणतात.'"

पत्रा तडतडला.

"जयराजदादा म्हणाले, 'बघितलंय म्हणावं. पत्रिकेत नाव वर घालून कुणी मोठं होत न्हाई, नकाशा कळायला डोकं लागतं.' मी सांगितलं, 'बघितलंय.' त्याच्या आधी पापडाचं होतं. त्याच्या आधी शेंबड्याचं."

"पुरे," वीरधवलदादा म्हणाले. पण ते आत्याला म्हणाले नव्हते, तर कुणाला, ते त्यांनाही कळलं नाही.

जयराजदादांनी खुर्ची फिरवली. "माझ्या बापाला मधी आणलास?"

"आणला!"

"चुलता होता तुझा! तुला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली त्यानं!"

"म्हणूनच म्हणलं की उचलंल म्हणून! उचलायची सवय होती आबांना!"

"आपण हा मुद्दा जरा बाजूला ठेवूया का..." मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही बसा हो!" दोघं एकदम म्हणाले.

मग जे सुटलं ते सुटलंच. पत्रिका निघाली, प्रेसवाला निघाला, कुणाच्या तरी बारशातलं ताट निघालं. दोघं खुर्च्यांवरून उठून खोलीभोवती फिरत भांडत होते आणि फिरता फिरता हात करत होते. "हिकडं काढायचं होतं दार!" "हिकडं उतार कुठाय?" "मग कर की उतार!" "करतो! तू पॅनेल बदलून दे!" "देतो! कवा पायजे?" "आठ दिसांत!" "सहा दिसांत देतो, बोल!"

भाऊसो माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "झालं की गं पोरी. एवढ्यासाठी इतकी वर्सं?"

साताऱ्याला परतताना दोघं दादा एकाच गाडीत बसले, भांडण अजून संपलं नव्हतं. आम्ही तिघी दुसऱ्या गाडीत. मॅडम मागं वळून म्हणाल्या, "रेश्माताई, आज तुम्ही कमाल केलीत. खरंच."

"बरं," आत्या म्हणाली. कऱ्हाड येईपर्यंत ती खिडकीतून ऊस बघत होती. मी विचारलं, "तू मुद्दाम सांगितलंस का सगळं?" ती म्हणाली, "विचारलं म्हणून सांगितलं."

सांगलीचं दार फिरलं. हंगामाच्या आत बेदाणा त्यातून आत गेला. कंपनीत आता दोन्ही केबिनची दारं उघडी असतात. "जया, अरे ते हे कुठंय?" "तुझ्या बुडाखाली बघ!" असं आत्याच्या डोक्यावरून चालतं. तिच्या टेबलावर आधी कुणीतरी हेल्मेट ठेवलं, मग नकाशांच्या गुंडाळ्या. नवा आराखडा भिंतीवर लागला. दोघांची नावं एका ओळीत. डावीकडं कोण, ते कुणी विचारलं नाही. आत्याचा चौकोन कुठंच नव्हता. तो आराखडा तिनंच भिंतीवर चिकटपट्टीनं लावला, कारण शिपाई रजेवर होता.

तिला कुणी काही सांगितलं नाही. ती रोज जात राहिली. एका दुपारी डबा खाताना डाव्या प्लायवूडमागं दोघांचे आवाज आले. हळू बोलत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू सांग तिला."

"मी? तू मोठा हायस. तू सांग."

"मला न्हाई जमायचं गड्या. तिच्या तोंडाकडं बघून..."

"मग कोण सांगणार?"

आत्यानं डबा बंद केला. हात धुतला. पदर नीट केला आणि रोजच्यासारखी आत गेली.

"एक तारखेपासून यायचं नाही, असं म्हणताय," ती म्हणाली. "सांगितलं तिला."

दोघं दादा टेबलाकडं बघत राहिले. जयराजदादांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं तिच्याकडंच बघितलं. ती बाहेर आली. जाताना पाटी पिशवीत घातली. कुणी मागितली नाही.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातून तिनं पाटणला फोन लावला. रंगूबाईंचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो.

"काय गं, आज मधीच? सुट्टी हाय व्हय?"

"नोकरी संपली."

"कोण म्हनलं?"

"कुणी नाही. मी सांगतेय."

पलीकडं म्हैस हंबरली.

"बरं," रंगूबाई म्हणाल्या.

आत्यानं फोन ठेवला. चहावर साय धरली होती. ती तिनं बोटानं बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला.