जोडवी मोजायची नाहीत

आमच्या क्लिनिकमध्ये माणसाला एकच आजार असायची परवानगी आहे. हसू नका, खरं सांगतेय. ज्याचं हृदय कमकुवत, त्याने आमच्याशी फोनवर हृदयाबद्दलच बोलायचं. गुडघा दुखतो, मुलगा घरी उशिरा येतो, कुंडीतली तुळस सुकली, हे सगळं त्याने दुसरीकडे कुठेतरी जाऊन सांगायचं. कारण विमा कंपनी दर महिन्याला जे पैसे देते ते त्या एका आजाराच्या देखभालीचे. नर्सने महिनाभरात पेशंटशी त्या आजारावर ठरलेली मिनिटं बोलायला हवं. मिनिटं भरली तर बिल जातं, नाही भरली तर जात नाही.

ती मिनिटं खरी आहेत का, हे तपासायचं काम माझं. इथे परदेशात, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात समुद्राकडे पाठ करून बसते, कानाला हेडफोन लावते आणि रेकॉर्ड झालेले फोन ऐकते. हृदयाचं बोलणं आलं की 'मोजायचं', इकडचं तिकडचं आलं की 'नाही मोजायचं'. शिकले अकाउंट्स, आणि करते काय, तर लोकांच्या बोलण्याला कात्री लावते! पण नियम चुकीचा नाही, हेही सांगते. कुणी नुसत्या गप्पा मारून बिल लावू नये म्हणून तो आहे. राग नियमाचा नाही, नियमाच्या मागे लपणाऱ्यांचा येतो.

त्या दुपारी क्लेमेंटी भागात राहणाऱ्या एका आजींचा फोन ऐकत होते. मागच्या आठवड्यातला. आडनावावरून मराठी, म्हणून मी जरा सरसावून बसले. आमची नर्स फिलिपिनो, गोड पोरगी, यादीतला एकेक प्रश्न विचारत होती. श्वास लागतो का? "नो नो, फर्स्ट क्लास." सूज? "नथिंग." वजन? "सेम, सेम." आणि वर, "यू एट? लंच एट?"

अगदी आपल्या बायका! परक्या माणसाने फोन केला की आपण ठणठणीतच असायचं, आणि त्याच्याच पोटाची चौकशी करायची. माझी आई आयसीयूतून सुद्धा 'मजेत' म्हणाली असती.

शेवटी नर्सने विचारलं, आणखी काही? तेव्हा आजी खुलल्या. "माय लेग रिंग व्हेरी टाइट. सोप पुटिंग, ऑइल पुटिंग, नॉट कमिंग. सन सेइंग कट. हजबंड लिव्हिंग, हाऊ टू कट?" नर्स बिचारी म्हणाली, "आंटी, फॉर रिंग गो ज्वेलरी शॉप, ओके? दिस कॉल फॉर हार्ट ओन्ली."

लेग रिंग म्हणजे जोडवी, हे मला सांगायला कुणी नको होतं. वर्षानुवर्षं सैल फिरणारी जोडवी एकाएकी रुतायला लागतात ती काय उगाच? पाय सुजले होते बाईचे. यादीत जे विचारलं ते 'नथिंग', आणि खरं उत्तर दागिन्यांच्या खात्यात गेलं होतं. रोज हेच फोन ऐकते, हृदय थकलं की पाणी आधी पायात आणि मग छातीत साठतं, एवढं मला पाठ झालंय.

उठले आणि मॅनेजर बाईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पण पेशंटने सूज नाही म्हटलंय ना?"

"अहो, जोडवी रुततायत म्हणजेच सूज आहे!"

"ते तू ठरवायचं नाही. तू बिलिंगची आहेस. सिस्टिममध्ये नोंद कर, तिकीट टाक, नर्स उद्या ड्युटीवर आली की बघेल."

"आणि आज?"

"बिलिंगच्या लोकांनी पेशंटला फोन करायचा नसतो. तुला माहितेय, नियम तूच शिकवतेस."

तळपायाची आग मस्तकात गेली. बाई चहात दूध घालत होत्या. म्हणे उद्या बघेल! तिकीट टाकलं. डॉक्टरांना फोन लावला, ते प्रोसिजरमध्ये. दुसऱ्या डॉक्टरांच्या सेक्रेटरीने निरोप घेतला आणि तिकीट नंबर विचारला. मग म्हटलं, खड्ड्यात गेलं सगळं. जिन्यात जाऊन सरळ आजींना फोन लावला.

"आजी, मी क्लिनिकमधून बोलतेय. बिलं बघणारी आहे, डॉक्टर नाही."

"अगंबाई, मराठी! कुठली गं तू?... जेवलीस का?"

"डोंबिवलीची. आजी, झोपता कशा तुम्ही?"

"खुर्चीत... आडवं झालं की गुदमरतं... वय झालं आता, दुसरं काय."

तीन शब्दांमागे एकदा दम घेत होत्या. घरात एवढं कुणाला ऐकू आलं नव्हतं? मी म्हटलं, आजोबांना फोन द्या. आजोबा आले. नर्स पेशंटना सांगते तसंच मी त्यांना सांगितलं: नडगीवर अंगठा दाबून धरा, आणि सोडा.

"खड्डा पडलाय," आजोबा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "अजून भरला नाही."

"आजोबा, आत्ताच्या आत्ता अँब्युलन्स बोलवा."

"मुलगा तुआसला कामावर आहे. संध्याकाळी येईल, मग..."

"नाही! मुलाला हॉस्पिटलात भेटा. माझा फोन ठेवा आणि तिकडे लावा." एका म्हाताऱ्या माणसावर मी जवळजवळ ओरडलेच. पण त्यांनी फोन लावला.

छातीत पाणी झालं होतं. रात्र घरी काढली असती तर काय झालं असतं, ते इमर्जन्सीतल्या डॉक्टरने मुलाला स्पष्ट सांगितलं. नंतर मुलाने मला फोन करून सगळं सांगितलं. पायाचं बोट काळंनिळं पडलेलं, तरी आजी जोडवी कापू देईनात. तोंडावर ऑक्सिजन, आणि हाताने नको नको चाललेलं. शेवटी आजोबा कडाडले, "अगं, मी इथे जिवंत उभा आहे ना समोर! मीच म्हणतोय कापू दे!" तेव्हा कुठे पाय पुढे केला.

हे सांगताना मुलगा रडला. मीही रडले, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. परवानगीशिवाय पेशंटशी संपर्क. बरं, नियम मोडला होता, मुकाट्याने सही केली. डोकं फिरलं ते महिनाअखेरीला. आजी हॉस्पिटलात असल्यामुळे नर्सची मिनिटं भरत नव्हती. मॅनेजर बाई माझ्या टेबलाशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि लाडात म्हणाल्या, "तुझा तो फोन होता ना. पूर्ण हार्टवरच होता. नर्सच्या लॉगिनवर टाकू या का? मिनिटं भरतील."

लाज म्हणून काही असते की नाही? ज्या फोनसाठी मला मेमो दिला, तोच फोन नर्सच्या नावाने विकायचा! म्हटलं, "नर्सने केला नाही, तो नर्सच्या नावावर चढणार नाही. आणि चढवायचाच असेल तर आधी माझा मेमो फाडा, तोही लेखी." सगळा मजला ऐकेल एवढ्या आवाजात म्हटलं. बाई उठून गेल्या. बिल गेलं नाही. मेमोही फाटला नाही.

आजी घरी आल्यावर नर्सचा पुन्हा फोन गेला. मी तो ऐकत होते. श्वास, सूज, वजन, यादी तीच, एक अक्षर कुणी बदललेलं नाही. पण यादी संपल्यावर पोरीने मनानेच विचारलं, "आंटी, लेग रिंग ओके?"

"न्यू! हजबंड ब्रिंगिंग. लूज, व्हेरी लूज! यू एट?"

नियमाप्रमाणे हे दागिन्यांचं बोलणं. मोजायचं नाही. मी हेडफोन काढला, मॅनेजर बाईंच्या केबिनकडे बघितलं आणि ते मोजलं. येऊ दे कोण विचारायला येतंय ते.